बियाणासकट रास

कोंडीबा माणसाचं नाव विसरायचा, पण मेंढराचं तोंड विसरायचा नाही. संध्याकाळी कळप वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात, शिरताना एक जरी मेंढरू कमी असलं तरी मोजायच्या आधीच तो वाघरीच्या तोंडाशी थांबून मागची वाट बघू लागायचा. मग तो मोजायचा. मोजणी बापाची, आज्याची, विसाविसांची. वीस झाले की एक खडा डाव्या मुठीत. शंभर हा शब्द त्याच्या तोंडात फारसा यायचाच नाही. "पाच इसा" म्हणायचा. शाळा दुसरीपर्यंत झालेली, पण या खड्यांच्या हिशेबात त्याला मास्तरही कधी चुकवू शकला नाही.

त्याचं घर आटपाडीच्या पुढं, खडकेवस्तीवर. पूर्वी तिकडं पाऊस म्हणजे रुसका पाहुणा. येईल असं नाही आणि आला तरी टेकेल असं नाही. म्हणून दिवाळी झाली की कोंडीबा कळप, घोडं, बायको, पोरं आणि टोपलीतल्या कोंबड्या असा सगळा संसार घेऊन पश्चिमेची वाट धरायचा. नऊ-दहा मुक्काम झाले की इस्लामपूरच्या अलीकडं हंबीररावांच्या मळ्यात उतरायचा. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत व्हायचं, कोंडीबाला धान्य मिळायचं. शिमगा आला की परत. असं जवळजवळ चाळीस वर्षं चाललं.

आता खडकेवस्तीवर पाणी आलं. दोन खोल्यांवर स्लॅब पडला, दारात डाळिंबाची बाग उभी राहिली. कोंडीबाचे गुडघे बोलू लागले तेव्हा कळप थोरल्या पोरानं घेतला. तरी दिवाळीचा फराळ संपला की कोंडीबाचा जीव घरात रमेना. तो पिशवी भरायचा.

"मेंढरं पोरानं न्हेली, मग तुमी कुठं निघालाय?" त्याची बायको सुलाबाई दरवर्षी विचारायची.

"मेंढरं त्यो रानात बसवतोय, मी आपला सुभेदाराच्या ओट्यावर बसतो."

सुभेदार म्हणजे हंबीरराव. चोवीस वर्षं पलटणीत काढून आलेला, भरघोस मिशांचा, मोठ्या आवाजाचा, मनानं मऊ माणूस. शेवटची दोन वर्षं तो शांतीसेनेबरोबर आफ्रिकेत होता. तिथं घानाच्या एका सार्जंटानं त्याला पत्त्यांचा एक नवा डाव शिकवला, पोकर. कोंडीबा कळपावाचून रिकामा बसू लागला तेव्हा हंबीररावानं तो आपल्या ओट्यावर आणला. खेळायला चौघं. तो स्वतः, कोंडीबा, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झालेला दादासो आणि गावातला शिंपी लालासाहेब. पैशाचं नाव काढायचं नाही, असा हंबीररावाच्या बायकोचा, चंद्राबाईचा, दम होता. म्हणून चिंचोके. प्रत्येकाला चाळीस, म्हणजे कोंडीबाच्या भाषेत दोन इसा.

डाव सोपा होता. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, ती कुणाला दाखवायची नाहीत. मधोमध पाच पानं एकेक करत उघडायची, ती सगळ्यांची. दोन्ही मिळून ज्याचा मेळ भारी तो जिंकला. एकाच रंगाची, म्हणजे पाचही इस्पिक किंवा पाचही बदाम अशी, पाच पानं जमली तर फारच उत्तम, नाहीतर जोडीवर भागवायचं. पानं उघडत जातील तसे चिंचोके मधे टाकत जायचे. एकानं टाकले की दुसऱ्यानं तेवढेच टाकायचे, नाहीतर पानं खाली ठेवून डाव सोडायचा. आणि एखाद्यानं होते नव्हते तेवढे सगळे मधे ढकलले तर काय म्हणायचं, हे पहिल्याच हिवाळ्यात कोंडीबानं ठरवून टाकलं होतं. मेंढका मुक्काम हलवतो तेव्हा शेवटी जाळी काढतो, मागं काही ठेवत नाही. म्हणून "वाघर काढली." तेव्हापासून त्या ओट्यावर तोच शब्द.

खरी पंचाईत झाली ती हिशेबाची. समोरच्यानं वाघर काढली आणि आपलं पान अजून आलेलं नाही, तर टाकावं की सोडावं? हंबीररावानं सार्जंटाकडून शिकलेली टक्केवारी सांगून पाहिली. लालासाहेबाला जांभई आली. दादासो म्हणाला, "काट्यावर असं असतं तर मी नोकरीच सोडली असती." कोंडीबा मात्र मान तिरकी करून ऐकत होता. थोड्या वेळानं म्हणाला,

"सुभेदार, ही तर वाटणीची शेती झाली."

"कशी काय?"

"मधे पडलेले चिंचोके ही रास. मी टाकणार ते माझं बियाणं. माझं बियाणं राशीचा कितवा हिस्सा हाय ते आधी बघायचं. मग न उघडलेली पानं म्हंजे वाघरीतली मेंढरं. त्यात माझ्या उपेगाची किती, कितवा हिस्सा, ते बघायचं. मेंढरांचा हिस्सा बियाण्याच्या हिश्श्याहून मोठा असंल तर पेरायचं. न्हाईतर रान मोकळं सोडायचं."

हंबीरराव त्याच्याकडं बघतच राहिला. सार्जंटाला दोन महिने लागले होते हे समजवायला.

इतकं सगळं बरोबर असून कोंडीबा हरायचाच. सहा हिवाळे हरला. दादासोला हरवायचा, लालासाहेबाला तर नेहमीच, पण शेवटी हंबीरराव समोर आला की मामला फिसकटायचा. हंबीरराव राशीच्या निम्मे चिंचोके टाकायचा, कोंडीबा खडे मोजायचा, मान हलवायचा आणि पानं खाली ठेवायचा. राशीवर राशी सोडून द्यायचा. हंबीरराव मिशीवरून हात फिरवत चिंचोके ओढून घ्यायचा आणि आत ओरडायचा, "चंद्रा, चहा टाक! कोंडीबाचं रान पुन्हा पडीक ऱ्हायलं!"

हरण्याचं कोंडीबाला फारसं वाटायचं नाही. सलायचं ते दुसरंच. चाळीस वर्षं तो या माणसाच्या दारात उतरत होता. त्याची भाकरी खाल्ली होती, त्याच्या ओट्यावर हक्कानं बसला होता. हक्कानं म्हणजे तरी कसा, तर खालच्या पायरीवर. "वर ये की रं" असं हंबीरराव शंभरदा म्हणाला असेल, पण पायरीची सवय कोंडीबाच्या अंगात मुरलेली. आणि इतक्या वर्षांत हंबीररावानं खडकेवस्ती एकदाही पाहिली नव्हती. बोलावलं की म्हणायचा, "येऊ की, कवातरी येऊ." फार धरलं तर, "आरं, चोवीस वर्सं लोकांच्या मुलखात उताणा निजलो. आता माझ्या बाजंशिवाय मला झोप येत न्हाई बघ."

तिकडं सुलाबाईनं घोंगडी करून ठेवली होती. घरच्या काळ्या मेंढरांची लोकर, स्वतः कातलेली, सणगराकडून विणून घेतलेली, काठाला पांढरी रेघ. सुभेदार येईल तेव्हा त्याला बसायला. स्लॅब पडला त्या वर्षी केली, त्याला आता सात वर्षं झाली. दर दसऱ्याला ती घोंगडी ट्रंकेतून बाहेर काढायची, उन्हात टाकायची, लिंबाचा ताजा पाला घालून परत ठेवायची आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "सुभेदाराच्या आधी कसरच बसंल हिच्यावर."

यंदाच्या दिवाळीत एक गोष्ट झाली. कोंडीबा अंगणात चिंचोके मांडून एकटाच बसला होता. सुलाबाई शेजारी शेंगा फोडत होती. समोर वाडग्यात, म्हणजे मेंढरांच्या कायमच्या कुंपणात, दोन महिन्यांचं एक मादी कोकरू उड्या मारत होतं. माडग्याळ जातीचं, कपाळावर पांढरा टिळा, आणि नाक असं बाकदार की पोपटानं लाजावं.

"काय मांडलंय त्ये?" सुलाबाईनं विचारलं.

कोंडीबानं सांगितलं. राशीत चार इसा आहेत. सुभेदारानं दोन इसा टाकले, सहा झाले. आता मला दोन टाकायचे. म्हणजे माझं बियाणं राशीचा तिसरा हिस्सा. माझी पानं तेवढी नाहीत, म्हणून सोडायचं.

सुलाबाई हात थांबवून चिंचोक्यांकडं बघत राहिली. लग्नाआधीपासून ती शेळ्या अर्धलीनं पाळत आलेली. दुसऱ्याची शेळी आपण सांभाळायची आणि करडं निम्मी-निम्मी. वाटणीत तिला गंडवील असा माणूस पंचक्रोशीत जन्मला नव्हता.

"आन तुमी टाकलेले दोन कुठं गेलं?"

"त्ये बियाणं. रास वाटायच्या आधी बियाणं बाजूला काढायचं. आपल्यात रीतच हाय."

"ती रीत पिकल्यावरची. पिकलंच न्हाई तर बियाणं काढून दावा बरं मला मातीतनं."

कोंडीबानं एक चिंचोका उचलून परत ठेवला.

"पिकलं तर बियाणासकट रास तुमच्या घरात. न्हाई पिकलं तर बियाणं गेलं. मग आधीच बाजूला काढून कशाला बसताय? एकदा जातंय म्हणून धरलं, आन वर परत राशीतनं बी कमी केलं. दोनदा मोजलं की तुमी!" आणि मग ती एकदम हसत सुटली. पदर तोंडाला लावून हसली. "आवं, मेंढका असून एकच मेंढरू दोनदा मोजताय? आन त्ये बी सहा वर्सं!"

कोंडीबानं दोन इसा उचलले, राशीत टाकले, आणि बघितलं. आठ इसा. आठात दोन. तिसरा नाही, चौथा हिस्सा. त्याचे कान तापले. आज्याच्या खड्यांची शपथ, असली चूक त्यानं कळपात आयुष्यात केली नव्हती.

तरीही मळ्यावर गेल्यावर ते वापरायचं धाडस त्याला झालं नाही. ऐन वेळी हात जुन्याच वाटेनं जायचा. बायकोनं शेंगा फोडताना सांगितलं म्हणून बापजाद्यांची रीत मोडायची? अख्खा हिवाळा तो तसाच तिसरा हिस्सा धरून पानं टाकत राहिला. फक्त मोबाईलमध्ये कोकराचा फोटो काढून आणला होता, तो सगळ्यांना दाखवायचा. हंबीररावानं तर तो इतक्यांदा मागून घेतला की मोबाईलची काच चष्म्यासारखी पुसावी लागायची.

"काय नाक हाय रं! काय नाक!" हंबीरराव म्हणायचा. "ह्ये मला दे."

"घरला या, मग बघू."

"येऊ की कवातरी."

शिमगा चार दिवसांवर आला. कोंडीबाची पिशवी भरून ओट्याच्या कोपऱ्यात उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी. दुपारी दोनला शेवटचा डाव मांडला. पानं पिसता पिसता कोंडीबा सवयीनं म्हणाला, "मग यंदा येताय न्हवं, सुभेदार?"

"येऊ की, कवातरी..."

कोंडीबानं पानं खाली ठेवली. तो कधी आवाज चढवायचा नाही, आताही चढवला नाही.

"सुभेदार, घोंगडी करून सात वर्सं झाली. नको असंल यायचं तर तसं सांगा. सुलाला सांगतो, नातीच्या पाळण्यात टाक म्हणून."

हंबीररावानं उगीच चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. अशा वेळी दादासोला गप्प बसवत नसे.

"मी सांगतो. आज डावावर लावा. कोंडीबा जिकला तर सुभेदार उद्याच्या एसटीनं खडकेवस्तीला. बाजेसकट गेला तरी चालंल. आन सुभेदार जिकला तर त्ये पोपटनाकं कोकरू सुभेदाराचं. आन मग पुन्हा घोंगडीचं नाव काढायचं न्हाई."

"लागली," हंबीरराव म्हणाला.

कोंडीबानं कोकराचा फोटो एकदा बघितला. "लागली," तोही म्हणाला.

लालासाहेब अर्ध्या तासात संपला. "मी आपला बटणं लावतो," म्हणून बाजूला सरकला. दादासो थोडा टिकला. चारच्या सुमारास समोरासमोर दोघंच राहिले, आणि योगायोग असा की दोघांकडंही बरोबर चार-चार इसा. चंद्राबाई चहा घेऊन आली ती कप हातात धरून तिथंच उभी राहिली.

कोंडीबाच्या हातात इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची सत्ती आली. मधे पानं उघडत गेली. बदामची राणी, इस्पिकची नव्वी, चौकटची तिर्री. दोघांनी मिळून टाकता टाकता राशीत चार इसा जमले. चौथं पान पडलं, इस्पिकची दुर्री. आता एकच पान उघडायचं राहिलं होतं.

हंबीररावानं मिशीला पीळ दिला. तो जोडी लागली की उजव्या बाजूला पीळ देतो, हे सहा वर्षांत फक्त कोंडीबाला कळलेलं. मधे राणीच सगळ्यांत मोठी, म्हणजे राणीची जोडी. मग हंबीररावानं आपल्याकडचे उरलेले दोन इसा दोन्ही हातांनी मधे ढकलले.

"वाघर काढली."

कोंडीबाकडंही दोनच इसा उरले होते. टाकले तर सगळे, हरला तर डाव संपला, कोकरू गेलं, आणि घोंगडीचं नाव पुन्हा काढायचं नाही. सोडलं तर हातात दोन इसा राहत होते, पण समोर सहा. असा सोडत सोडतच तो सहा वर्षं हरत आला होता.

त्यानं अंगणातले खडे उचलले. आधी मेंढरं मोजली. एकंदर पानं बावन्न. दोन हातात, चार उघडी. राहिली दोन इसा सहा. त्यात इस्पिकं किती? तेरातली चार दिसतात, नऊ राहिली. कुठलंही इस्पिक पडलं की पाच पानं एका रंगाची, मग राणीची जोडी कुठल्या कुठं. नऊ म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. कमीच. पण थांब. बाकीचे तीन एक्के? एक्का पडला तर एक्क्याची जोडी, राणीहून भारी. नऊ आणि तीन बारा. बारा चोक अठ्ठेचाळीस, दोन इसा आठ. पानं तर दोन इसा सहाच. म्हणजे बारा हा चौथ्या हिश्श्याहून केसभर जास्त.

आता बियाणं. राशीत सहा, त्यात माझे दोन, तिसरा हिस्सा... त्याचा हात पानं खाली ठेवायला निघालाच होता. हंबीररावाचा हात चिंचोके ओढायला उचललेला होता. तो हात बघून कोंडीबाच्या कानात एकदम ते हसू वाजलं, पदराआडचं. एकच मेंढरू दोनदा मोजताय?

सहा नाही. आठ. चौथा हिस्सा. माझी मेंढरं चौथ्याहून जास्त, बियाणं बरोबर चौथं.

"काय रं, ठेवतोस न्हवं?" हंबीरराव म्हणाला.

"न्हाई," कोंडीबा म्हणाला. "पेरतो." आणि त्यानं दोन इसा राशीत लोटले.

हंबीररावाच्या मिशीचा पीळ सुटला. "आरं, तुझ्या हिशेबानं तर..."

"माझ्या हिशेबानं काय?"

"काय न्हाई. उघड रं दादासो."

हंबीररावानं आपली पानं दाखवली, किलवरची राणी आणि किलवरचा गुलाम. राणीची जोडी होती. कोंडीबानं एक्का आणि सत्ती मांडली. चंद्राबाईच्या हातातला चहा गार झाला होता. दादासोनं काट्यावर ट्रक चढवावा तशा सावकाशीनं शेवटचं पान उलटलं.

चौकटची सत्ती.

कोंडीबाची सत्तीची जोडी झाली. राणीपुढं सत्ती कुठं टिकते? डाव संपला. लालासाहेब "अरारारा" म्हणाला. कोंडीबा चिंचोक्यांकडं बघत राहिला. गंमत म्हणजे त्याला वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटेना. वाघरीतल्या चार मेंढरांत एक काळं होतं, हात घातला, पांढरं निघालं. त्यात हाताची काय चूक?

उलट हंबीररावच अस्वस्थ झाला. "तुला कुणी सांगितलं रं?"

"काय?"

"बियाणं राशीत धरायचं म्हणून."

कोंडीबा सावकाश वर बघत म्हणाला, "म्हंजे तुमाला ठावं होतं?"

हंबीररावानं नजर चंद्राबाईकडं वळवली, तिथं थारा मिळेना म्हणून दादासोकडं. "पहिल्या वर्सापासनं," तो पुटपुटला. "म्हनून तर मी निम्मं टाकायचो. निम्मं टाकलं की तू तिसरा हिस्सा धरून सोडायचास."

"सहा वर्सं?"

"आरं, एवढं झ्याक समजावलंस सगळ्यांस्नी. चूक दावावी तर तुला वंगाळ वाटंल..."

"आन जिकताना ग्वाड वाटत हुतं!" चंद्राबाई म्हणाली. "शरम न्हाई वाटत? एवढ्या मिशा ठेवल्यात!"

दादासो हसायला लागला, मग लालासाहेब, आणि शेवटी कोंडीबाही. हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. तरी कबूल ते कबूल. त्यानं मोबाईल काढून घरी लावला. कानाला नीट ऐकू येत नाही म्हणून तो नेहमी स्पीकरवरच बोलायचा.

"सुला, कोकरू गेलं बघ. सुभेदारानं जिकलं."

"कसं काय?"

त्यानं पानं सांगितली, हिस्सा सांगितला.

"आठ धरलं न्हवं?"

"आठ धरलं."

"मग बरोबर हाय. पाऊस काय कुणाच्या हातात असतोय?" सुलाबाई म्हणाली. "सुभेदार हायत का तिथं?"

"हाय की वैनी," हंबीरराव पुढं वाकून मोबाईलवर असा ओरडला की मोबाईल नसता तरी आटपाडीला ऐकू गेलं असतं.

"कोकरू तुमचं झालं, आनंद झाला. कवा येताय न्यायला?"

"न्यायला? कोंडीबा पुढल्या दिवाळीला येताना घेऊन यील की."

"आवं, असं कसं? आमच्यात दिलेलं जनावर मालक दुसऱ्याच्या दारात न्हेऊन सोडत न्हाई. त्याची लक्ष्मी वाटंत हुकती. ज्याचं त्यानं यायचं, वाडग्यात उतरायचं, कपाळाला भंडारा लावून स्वतःच्या हातानं उचलायचं. आन वाडग्यात उतरलेला माणूस जेवल्याबिगर जात न्हाई. ही आमची रीत हाय."

हंबीरराव कोंडीबाकडं बघायला लागला. कोंडीबाही मोबाईलकडं बघायला लागला. ही रीत खरीच होती, लहानपणापासून पाळलेली, पण डाव लावताना त्याला तिची आठवणसुद्धा झाली नव्हती.

"म्हंजे जिकलो तरी यायचं आन हरलो असतो तरी यायचं?" हंबीरराव म्हणाला.

"नसंल यायचं तर तसं सांगा," मोबाईल म्हणाला. "कोकरू ऱ्हाईल हितंच, रीतीत बसत न्हाई म्हनून."

चंद्राबाई आत गेली आणि हंबीररावाची पिशवी घेऊनच बाहेर आली. दोन धोतरं, दाढीचं सामान आणि गोळ्यांची डबी. "सकाळची एसटी हाय न्हवं? जावा. बाज मी राखते तुमची."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं खडकेवस्तीच्या फाट्यावर उतरले. वाटेत विट्याला हंबीररावानं दोनदा विचारलं होतं, "अजून किती?" आणि मोकळी माळरानं सुरू झाल्यावर खिडकीतून बघत राहिला होता. पलटणीतून आल्यापासून उसाच्या भिंतीत राहिलेल्या माणसाला एवढं लांबवर दिसायची सवय उरली नव्हती. "एवढं आभाळ!" एवढंच म्हणाला.

घोंगडी अंगणात लिंबाखाली अंथरलेली होती. काळीभोर, पांढऱ्या काठाची, पाल्याच्या कडवट वासाची. सुलाबाईनं पायावर पाणी घातलं. हंबीरराव चपला काढून घोंगडीच्या कडेला घुटमळला. एवढ्या लांबरुंद माणसाला एकाएकी आपण कुठं मावावं ते कळेना. तो घोंगडीच्या बाहेर, दगडावरच टेकू लागला.

"आरं, वर बस की गड्या," कोंडीबा म्हणाला.

म्हणून गेला आणि जीभ चावली. चाळीस वर्षांत 'बसा' सोडून दुसरं काही त्याच्या तोंडातून आलं नव्हतं. हंबीररावानं त्याच्याकडं बघितलं. मग घोंगडीवर मांडी घालून बसला आणि शेजारी हातानं थोपटलं. "तू बी बस मग. हितं पायरी दिसत न्हाई कुठं."

दोघं बसले. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मटणाचा रस्सा आणि ताक. हंबीरराव जेवून तिथंच आडवा झाला, आणि बाजेवाचून झोप न येणारा माणूस दिवेलागणीपर्यंत घोरत पडला. कोंडीबा घोंगडीच्या दुसऱ्या टोकाला बसून त्याच्या अंगावरच्या माश्या वारत राहिला. सुलाबाई आतबाहेर करताना हसू दाबत होती.

एक दिवस म्हणून आलेला सुभेदार सहा दिवस राहिला. डाळिंबाच्या बागेत फिरला, देवळात भंडारा उधळला, वस्तीवरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना पोकर शिकवला. आणि शिकवताना पहिल्याच दिवशी मोठ्यानं सांगितलं, "बियाणं राशीत धरायचं. ही सुलावैनीची रीत." मग निघायच्या सकाळी वाडग्यात उतरला, आता चांगल्या वाढलेल्या कोकराच्या कपाळावर भंडारा लावला आणि ते दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. कोकरानं त्याच्या मिशीला तोंड घातलं.

वाडग्यातून बाहेर काही तो येईना. तसाच उभा राहिला.

"काय झालं?" कोंडीबानं विचारलं.

"मी म्हंतो," हंबीरराव म्हणाला, "तिकडं उसात ह्याला चिखल लागंल. खुरं कुजतील. हितली हवा कोरडी."

"मग?"

"वैनी अर्धलीनं जनावर पाळत्यात न्हवं? ह्ये बी पाळा. कोकरू माझं, सांभाळ तुमचा. पुढं व्यालं की पिल्लं निम्मी-निम्मी."

"आन वाटणीला कोण येणार?" सुलाबाईनं दारातून विचारलं.

"मीच येणार की. दर साली." हंबीररावानं कोकरू खाली ठेवलं. "ह्यो कोंडीबा मोजणार, आन मी लक्ष ठिवणार. ह्याचा काय भरवसा न्हाई, एकच पिल्लू दोनदा मोजंल."

कोंडीबा हसत हसत पुढं झाला आणि फाट्यापर्यंत सुभेदाराची पिशवी त्यानं स्वतःच घेतली. मागं सुलाबाई घोंगडी झटकत होती. तिनं ती घडी करून आत नेली, पण ट्रंकेत ठेवली नाही. खुंटीवरच टाकली.